जुन्या शेडमधली ही भट्टी कसली? (भुसावळ)

वाघूरकाठ
शुक्रवार, रात्री १०:५२

दिवाळीला घरी आलोय. भाऊबीज आटोपली, चकल्यांचाही कंटाळा आला, आणि पाचवीपासून डोक्यात घर करून बसलेली एक गोष्ट काल करून टाकली. भुसावळातल्या एका बंद पडलेल्या रेल्वे दुरुस्ती डेपोत जाऊन आलो. कुठला, कुठून शिरलो हे मुद्दाम लिहीत नाही. भुसावळकरांना अंदाज येईलच, पण त्यांनीही इथे पत्ता देऊ नये.

आमच्या शाळेच्या गच्चीवरून त्या शेडचं करवतीच्या दातांसारखं छप्पर दिसायचं. तिकडे जायचं नाही अशी घरून ताकीद होती. तरी एकदा चिंचा पाडायला कुंपणापर्यंत गेलो होतो आणि चौकीदाराने पळवून लावलं होतं. काल कुणीच पळवलं नाही, त्याचंच जरा वाईट वाटलं.

कुंपण ओलांडलं की आधी वेडी बाभूळ. फुल बाह्यांचा शर्ट घालूनही दोन्ही हात ओरबाडले. पायाखालची जमीन काळी, पण आपल्या कपाशीच्या रानातली काळी नव्हे. कोळशाचा चुरा आणि राख वर्षानुवर्षं दाबली जाऊन झालेली. चालताना कुरकुर वाजते. तिच्यावर गाजर गवतसुद्धा धड उगवत नाही.

आत तीन लाइनी आहेत. प्रत्येकीच्या मधोमध माणूस उभा राहील एवढा खोल पिट, उतरायला दगडी पायऱ्या. एका पिटमध्ये पावसाचं पाणी अजून साचलेलं, वर हिरवी साय. भिंती पुरुषभर उंचीपर्यंत तेलकट काळ्या आणि त्यावर एकदम पांढऱ्या. एका खांबावर पांढऱ्या रंगात ‘धूम्रपान निषेध’ लिहिलंय, आणि त्याच्या बरोबर वर छपराला इंजिनाचा धूर जायचं धुराडं! हे बघून एकटाच हसलो. खांब म्हणजे जुने रूळच उभे केलेले आहेत. एका रुळाच्या पोटावर कारखान्याची उठावदार अक्षरं आणि साल होतं. ‘१८’ वाचता आलं, पुढचे दोन आकडे गंजाने खाल्लेत.

तीन गोष्टी काही कळल्या नाहीत. जाणकारांनी सांगाव्यात.

एक. कोपऱ्यातल्या खोलीत विटांची, छातीएवढी उंच भट्टी आहे. तिच्या आत बिडाचं मोठं नरसाळं, वर रुंद, खाली निमुळतं. नरसाळ्याच्या बुडाशी चहूबाजूंनी बोट जाईल एवढी भोकं. खाली जाळ घालायचं दार, वर धुराडं. लोखंड वितळवायला फारच किरकोळ वाटते. शेजारी बारीक रेतीचा ढीग होता, बहुधा पडझडीचा.

दोन. दोन लाइनींच्या पिटांना जोडणारा एक आडवा खड्डा, त्यांच्याहून बराच खोल. त्याच्यावरचा रुळाचा तुकडा वेगळा, सुटा दिसतो.

तीन. दाराजवळ भलामोठा लाकडी फळा. त्यावर रांगेने खिळे, प्रत्येक खिळ्याखाली आकडा. शेवटचा वाचता आलेला आकडा ४१७.

फोटो उद्या टाकतो. इथलं नेट म्हणजे पॅसेंजर गाडी आहे.

---

अंधारयात्री
शुक्रवार, रात्री ११:१५

भावा, जबरदस्त!!! ती भट्टी मी रीलमध्ये बघितली आहे. इंग्रजांच्या काळात अपघातात मेलेले कामगार तिथेच जाळायचे म्हणे. रात्री आवाज येतात. लोकेशन व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाठव ना, आमचा ग्रुप येतोय जळगावहून.

---

इंजिनवेडा
शुक्रवार, रात्री ११:४०

अंधारयात्री, छातीएवढ्या भट्टीत माणूस कसा जाळणार, जरा विचार कर. आणि भुसावळात तापीकाठी घाट असताना रेल्वेने स्वतःचं सरण कशाला बांधावं?

वाघूरकाठ, वाचनखूण साठवली. दोन नंबरचं मी सांगतो. तो चाकं काढायचा खड्डा, ड्रॉप पिट. इंजिन त्याच्यावर असं आणून उभं करायचं की बिघडलेलं चाक बरोबर त्या सुट्या रुळावर येईल. मग चाकजोडीला खालून जॅकचा आधार द्यायचा, रुळाचा तुकडा काढायचा, चाकजोडी खाली उतरवायची आणि खड्ड्यातून सरकवत शेजारच्या लाइनीवर वर काढायची. डब्ल्यूजी जातीचं, म्हणजे मालगाडीचं, नुसतं इंजिनच शंभर टनांच्या आसपास असतं, मागचं कोळसा-पाण्याचं टेंडर वेगळं. एका चाकजोडीसाठी एवढं धूड उचलत बसण्यापेक्षा चाक खाली सोडणं सोपं.

छपराचे ते दातही शोभेचे नव्हेत. दातांची उभी बाजू काचेची असते आणि ती उत्तरेकडे तोंड करून ठेवतात. दिवसभर सारखा उजेड मिळतो, उन्हाची तिरीप कामावर येत नाही. मे महिन्यातल्या भुसावळात याची किंमत काय असेल ते इथल्यांना सांगायला नको.

भट्टीचं मलाही कळलं नाही. बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल (लवकर वितळणारा मऊ मिश्रधातू) ओतायची असेल का? पण त्याला बुडाशी भोकं कशाला?

---

नियमकाका
शनिवार, सकाळी ७:०५

लेख उत्तम. पण रेल्वे कायदा १९८९, कलम १४७. रेल्वेच्या जागेत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘बंद पडलेली’ जागा म्हणजे मालक नसलेली जागा नव्हे.

आणि कोणी आठवण म्हणून एखादा नटबोल्ट खिशात टाकत असेल तर त्याच्यासाठी वेगळा कायदा आहे, १९६६ चा, रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दलचा. त्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंजलेला असला तरी बोल्ट तो बोल्टच.

---

सावद्याचा केळीवाला
शनिवार, सकाळी ७:३१

नियमकाका, सकाळी सकाळी पोराला आत टाकू नका हो. चहा घ्या.

---

वाघूरकाठ
शनिवार, सकाळी ९:१०

नियमकाका, मान्य. चुकलंच. खिशात काही टाकलेलं नाही, शर्टाला लागलेले काटे सोडून. परत गेलो तर अर्ज करूनच जाईन.

अंधारयात्री, लोकेशन नाही देणार रे. भुताची भीती नाही, भीती छपराची. पत्रे सिमेंटचे आहेत, म्हणजे जुने ॲस्बेस्टॉसचे असणार. फुटलेल्या तुकड्यांवर पाय पडला की जी धूळ उडते ती छातीत गेली तर बाहेर निघत नाही. मला हे घरी आल्यावर सुचलं. शिवाय हिरव्या पाण्याचा पिट अंधारात सपाट फरशीसारखा दिसतो. एका गर्डरला आग्या मोहोळही आहे.

---

धुयेकर
शनिवार, सकाळी १०:२२

मस्त लिखेल शे भो!

एक शंका. तुम्ही ‘डेपो’ म्हणता, इंजिनवेडा इंजिनांबद्दल बोलतात. हे लोको शेड की डब्यांचा डेपो? चाळीसगावला आमची धुळ्याची गाडी बदलायला उतरायचो (ही शाखा १९०० सालची, माझ्या आजोबांहून म्हातारी), तेव्हा बाजूला एक लाइन असायची, तिच्यावर कायम मालगाडीचे दोन-चार डबे एकटेच उभे. वडील म्हणायचे, ‘ते आजारी आहेत.’ मला वाटायचं चेष्टा करतात.

---

इंजिनवेडा
शनिवार, सकाळी ११:००

धुयेकर, वडिलांनी खरंच सांगितलं. त्या लाइनीचं नावच सिक लाइन. टीएक्सआर म्हणजे गाडी तपासणारा माणूस. डब्यात दोष सापडला की खडूने खूण करून किंवा चिठ्ठी लावून तो डबा ‘सिक’ करतो. मग डबा गाडीतून काढून त्या लाइनीवर. बरा झाला की ‘फिट’. पूर्वी बरेचसे डबे तापलेल्या ॲक्सलमुळे आजारी पडायचे. आताच्यासारखे रोलर बेअरिंग नव्हते. ॲक्सलच्या पेटीत तेलात भिजवलेलं सूत भरलेलं असायचं. तेल संपलं की आधी करपट वास, मग धूर, मग ज्वाळा. टीएक्सआर पेटीला हात लावून ताप बघायचे, कपाळाला लावतात तसा.

पिटांवर धुराडी आणि ड्रॉप पिट म्हणजे ही जागा वाफेच्या इंजिनांची शेड. पुढे तिथे डब्यांचं काम चाललं असेल तर दोन्ही खुणा एकात एक मिसळल्या असतील.

भुसावळच का, हेही लिहून ठेवतो. मुंबईहून ४४४ किलोमीटर. इथून एक फाटा नागपूरकडे, एक खंडवा-इटारसीकडे. १८७० मध्ये जबलपूरला रूळ जुळले आणि मुंबई-कलकत्ता सलग झालं, तेव्हापासून त्या गाड्या भुसावळवरूनच. वाफेचं इंजिन काही एका दमात मुंबईहून नागपूर गाठत नाही. कोळसा, पाणी, राख काढणं, वंगण, सगळं मधे लागतं. माणसांनाही विश्रांती लागते. म्हणून असं गाव लागायचं जिथे इंजिन सोडून दुसरं जोडता येईल, आणि शेजारी बारमाही पाणी असेल. पाणी तापीचं.

---

पाचोरा-जामनेर
शनिवार, दुपारी १:४७

आमच्या पीजेलाही, म्हणजे पाचोरा-जामनेर गाडीलाही, आठवा कुणी. अडीच फुटी रूळ, ५६ किलोमीटर, आणि शेतातली पोरं तिच्यासोबत पळून जिंकायची. लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. ब्रॉडगेज होणार म्हणतात. होवो. पण शेंदुर्णीच्या बाजारातून गाठोडी घेऊन चढणाऱ्या बायांसाठी ती गाडी थांबायची, तशी ब्रॉडगेज थांबेल का?

विषयांतराबद्दल क्षमस्व.

---

आजीची गोधडी
शनिवार, रात्री ९:३५

मी इथे सहसा नुसतं वाचते. पण हे वाचून राहवलं नाही.

माझे वडील भुसावळला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, होते. आमचं बालपण रेल्वे क्वार्टरात गेलं. गावाला घड्याळ नव्हतं असं नाही, पण वेळ भोंग्याची. भोंगा झाला की आई कुकर उतरवायची. रात्री-अपरात्री कॉलबॉय यायचा, दारावर काठी आपटायचा, ‘अमुक नंबरची गाडी, इतक्या वाजता’ असं ओरडायचा आणि वहीवर बाबांची सही घ्यायचा. दार आमचं वाजलं तरी अख्खी चाळ जागी व्हायची. बाबा उठेपर्यंत आईने पिठाचा डबा घेतलेला असायचा. त्यांची लोखंडी पेटी, तिला लाइन बॉक्स म्हणायचे, तिच्यात पीठ, डाळ, तिखट, एक पातेलं, एक ताटली. इगतपुरीला रनिंग रूममध्ये (इंजिनवाल्यांच्या विश्रांतीच्या खोलीत) हातानेच करून खायचे. कधी वाटेतच भूक लागली तर कोळशाचं फावडं वाफेच्या पाण्याने धुऊन आगीसमोर धरायचं आणि त्याच्यावर भाकरी गरम करायची. ते म्हणायचे, ‘तुमच्या आईच्या तव्यापेक्षा माझं फावडं लवकर तापतं.’ आई त्यावर एक अक्षर बोलायची नाही, पण दुसऱ्या दिवशी भाजीला तिखट जास्त असायचं.

त्यांच्या डोळ्यांच्या कडा कायम काजळ घातल्यासारख्या. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी त्या पांढऱ्या झाल्या, तेव्हा ते मला एकदम वेगळेच दिसायला लागले.

तुम्ही लिहिलंय त्या काळ्या जमिनीवर आमच्या वस्तीतल्या बाया पहाटे टोपल्या घेऊन जायच्या. इंजिनातली राख टाकायचे, तिच्यात अर्धवट जळलेला कोळसा असायचा. तो वेचून शेगडीला. माझी आजीसुद्धा जायची, बाबांना न सांगता.

भट्टीचं मला नक्की माहीत नाही. पण शेजारी एक काका आहेत, शेडमध्ये खलाशी (मदतनीस) म्हणून लागले आणि फिटर होऊन निवृत्त झाले. वय ७७. फोटो टाका, त्यांना दाखवते.

---

सावद्याचा केळीवाला
शनिवार, रात्री १०:०२

ताई, दंडवत. याचा वेगळा धागा काढा. तिखटावरून मीच हसतोय कधीचा.

---

वाघूरकाठ
रविवार, दुपारी १२:२०

फोटो टाकले आहेत. भट्टीचे चार, फळ्याचा एक. आजीची गोधडी, काकांना नक्की दाखवा.

---

अंधारयात्री
रविवार, दुपारी १२:५५

भोकांमधून काहीतरी गळायचं हे नक्की. तेल?

---

आजीची गोधडी
रविवार, रात्री ८:१८

काकांना मोबाइल दिला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि मोठ्याने हसले. ते सांगतात तसंच लिहिते, अधूनमधून त्यांची भाषा तशीच ठेवते.

‘अरे ही रेतीची भट्टी व्हय! भूत कसलं न काय कसलं. इंजिनाला रेती लागते. रूळ ओला झाला, चाक जागेवरच फिरायला लागलं, की ड्रायव्हर रेती सोडतो चाकासमोर. चाक धरून घेतं. पण ती रेती कोरडी ठणठणीत पाहिजे. जरा ओल राहिली की नळीत गोळा होऊन बसते, आणि नेमकी घाटात बसते.

‘रेती तापीची यायची, ओली. चाळायची आणि वरून त्या नरसाळ्यात टाकायची. खाली जाळ. आता ती भोकं कशाला? ओली रेती एकमेकींना धरून राहते, भोकातून पडत नाही. वाळली की सुटी होते न आपोआप खाली सांडते. म्हणजे जी खाली पडली ती वाळलेलीच. बघायला माणूस नको, मोजायला घड्याळ नको. आमचे एक जुने मिस्त्री होते, ते म्हणायचे, या शेडमध्ये इमानदार एकच, ही भट्टी. कच्चा माल पुढे सरकू देत नाही.’

कोपऱ्यातला ढीग पडझडीचा नाही म्हणाले. तो मालच आहे.

फळा हजेरीचा. प्रत्येकाचा पितळी बिल्ला, त्यावर नंबर. सकाळी आपल्या खिळ्यावरून उचलायचा, जाताना परत. बिल्ला खिळ्यावरच राहिला तर माणूस गैरहजर, मग तो पिटमध्ये घाम गाळत असला तरी. काकांचा नंबर फोटोत शोधला. ती ओळ गंजून गेलीये.

आणखी एक सांगितलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. हिवाळ्यात शेडमधल्या लोकांची पोरं डबा द्यायच्या निमित्ताने यायची, खिशात ओल्या शेंगा घेऊन. भट्टीखालच्या गरम रेतीत पुरायच्या आणि गोष्टी ऐकत बसायचं. भडभुंज्याकडे जायची गरजच नाही. ‘रेल्वेच्या रेतीत भाजलेल्या शेंगा न रेल्वेच्याच कोळशावर,’ काका म्हणाले, ‘फक्त शेंगा आमच्या.’

---

इंजिनवेडा
रविवार, रात्री ८:४०

काकांना साष्टांग. रेतीचा ढीग समोर दिसत असून माझं डोकं व्हाइट मेटलकडे गेलं, म्हणजे पुस्तकी ज्ञानाची हद्द झाली.

भर घालतो. सगळ्यात वाईट रूळ मुसळधार पावसात नसतो, तो पहिल्या भुरभुरीत किंवा दवात असतो. धूळ, तेल आणि थोडं पाणी यांचा लेप तयार होतो. धो धो पावसात तो धुऊन जातो. म्हणून रेतीचा खप मृगाच्या तोंडाशी आणि थंडीच्या पहाटे जास्त असणार. वाफेच्या इंजिनात रेती फेकायला वाफ वापरायचे, आताच्या विजेच्या इंजिनात दाबाची हवा वापरतात. रेती मात्र आजही लागते. म्हणजे वाफ गेल्यावरही ती भट्टी काही वर्षं पेटत राहिली असेल तर नवल नाही.

---

धुयेकर
रविवार, रात्री ९:०५

कच्चा माल पुढे सरकू देत नाही! हे आमच्या सोसायटीच्या चेअरमनला ऐकवतो.

काकांना विचारा ना, सगळ्यात अवघड काम कोणतं?

---

आजीची गोधडी
सोमवार, सकाळी ११:३०

विचारलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘वॉशआउट.’

आपल्याकडचं पाणी जड. घागरीच्या, बंबाच्या तळाला पांढरा थर बसतो तसाच बॉयलरच्या आत नळ्यांवर बसतो. थर जाड झाला की आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, कोळसा जास्त खातो आणि पत्रा तापून फुगतो. त्यामुळे ठरावीक दिवसांनी इंजिन थंड करून बॉयलर उघडायचा, प्लग काढायचे, पाण्याचा जोराचा फवारा आणि लांब सळ्या घालून आतला चिखल आणि खपल्या खरवडायच्या. इंजिन थंड करायचं म्हणजे हळूहळू. घाई केली तर लोखंडाला चीर जाते. पण गाड्यांची घाई असायची. मग बॉयलरमेकर कोळसा टाकायच्या दारातून, म्हणजे आपल्या खिडकीहूनही लहान भोकातून, आत आगपेटीत उतरायचा. पायाखाली जाळी, चहूबाजूंनी अजून कोमट पत्रा, हातात दिवा आणि छोटी हातोडी. एकेक खिळा ठोकून आवाज ऐकायचा. चांगला असला तर टणटण, तुटलेला असला तर भद्द. काका त्याच्यासोबत दिवा धरायला जायचे. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री. ‘बाहेर आलो की उन्हात गार वाटायचं,’ म्हणाले.

आगपेटीच्या छताला शिशाचा एक प्लग असतो तोही त्यांनी सांगितला. बॉयलरमधलं पाणी फार खाली गेलं तर शिसं वितळतं, वाफ आगीवर येते आणि सगळ्यांना कळतं की पाणी कमी आहे. प्लग वितळला म्हणजे ड्रायव्हर-फायरमनची चौकशी ठरलेली. माझ्या बाबांचा कधीच वितळला नाही, हे काकांनी दोनदा सांगितलं. माझ्यासाठीच सांगितलं असणार.

---

पाचोरा-जामनेर
सोमवार, दुपारी ४:१२

हे सगळं भंगारात जाण्याआधी कोणीतरी काहीतरी करा. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय २००२ पासून आहे, मग खान्देशाने काय घोडं मारलंय? भट्टी तर फार जागाही खाणार नाही.

---

नियमकाका
सोमवार, संध्याकाळी ६:००

संग्रहालयात भट्टी ठेवतील, खाली पाटी लावतील ‘सँड ड्रायर’, आणि शाळेच्या सहली दोन मिनिटांत पुढे जातील. आधी त्या काकांचं बोलणं कोणीतरी नीट रेकॉर्ड करा. भट्टी विटा-बिडाची आहे, टिकेल अजून.

(मी हे म्हणतोय याचं इंजिनवेड्यांना आश्चर्य वाटेल. माझे आजोबाही जीआयपीत, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, होते. बिल्ला घरी आहे. तो कायदेशीर आहे की नाही ते मी तपासलेलं नाही.)

---

सावद्याचा केळीवाला
सोमवार, संध्याकाळी ६:०४

पाच वर्षं, नियमकाका. पहिल्याच गुन्ह्याला.

---

व्यवस्थापक
सोमवार, रात्री ८:३०

धागा छान चालला आहे. जागेचा पत्ता विचारणारे तीन प्रतिसाद उडवले आहेत. कृपया सहकार्य करावे.

---

अंधारयात्री
सोमवार, रात्री ९:४४

त्यातला एक माझा होता. सॉरी. पण काकांचा व्हिडिओ करायचा असेल तर माझ्याकडे चांगला माईक आहे. भुताचं म्युझिक नाही टाकणार, शपथ.

---

वाघूरकाठ
दोन महिन्यांनी, रविवार, रात्री १०:१५

धागा वर काढतोय.

अर्ज केला होता. तिसऱ्या फेरीत परवानगी मिळाली, दोन तासांची, सोबत रेल्वेचा एक माणूस. संक्रांतीच्या सुट्टीला आलो तेव्हा आजीची गोधडी, त्यांचे काका, अंधारयात्री आणि त्याचा माईक, असे गेलो. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला मास्क. काकांनी हेल्मेट घातलं, मास्क हनुवटीवर ठेवला. कोणाचं ऐकणारे नव्हेत.

मागच्या वेळी मी आत शिरलो तेव्हा सगळीकडे बघत होतो. काका कुठेच बघत नव्हते. दारातून सरळ, मग उजवीकडे, मग खाली न बघता एक लांब पाऊल. तिथे फरशीत नाली होती. मी मागच्या वेळी तिच्यातच अडखळलो होतो. पिटच्या पायऱ्यांपाशी थांबले आणि म्हणाले, तिसरी पायरी हलते. अंधारयात्रीने पाय ठेवून बघितला. हलते.

हजेरीच्या फळ्यापाशी गंजलेल्या ओळीवर त्यांनी बोट फिरवलं आणि एका खिळ्यावर थांबवलं. आकडा दिसत नव्हता. मी विचारलं, हाच कशावरून? म्हणाले, ‘हात जातो ना बरोबर.’

भट्टीच्या खोलीत ते बराच वेळ होते. जाळाचं दार उघडायचा प्रयत्न केला, बिजागरी धरली होती. अंधारयात्रीने माईक पुढे केला, पण काका बोलेनात, म्हणून त्याने तो हळूच खाली घेतला. मग काका वाकले, भट्टीखाली जिथे रेती पडायची तिथल्या कोनाड्यात हात घातला आणि मूठभर रेती बाहेर काढली. छपराला भोकं, इतके पावसाळे गेले, पण त्या कोनाड्यात ओल पोचलेली नव्हती. त्यांनी मूठ सैल केली. रेती बोटांमधून पिठीसाखरेसारखी सांडली, एक कण चिकटला नाही.

मला वाटलं थोडी घरी नेतील. मी तर रुमालही काढला होता.

त्यांनी उरलेली रेती परत कोनाड्यात टाकली, दोन्ही हात झटकले आणि आमच्यासोबतच्या रेल्वेच्या माणसाकडे बघत म्हणाले, ‘नको भो. सरकारी माल आहे.’